मऊ दाढीचा ब्रश कोणता घ्यावा?

सातमाळा

नमस्कार मंडळी.

कार्ट्रिजचा रेझर आणि डब्यातला तयार फेस सोडून मी पुन्हा दुधारी पात्याचा सेफ्टी रेझर, ट्यूबमधलं क्रीम आणि ब्रश यांवर आलो आहे. रेझर हाताला बसला, पातीही ठरली. अडतंय ते ब्रशवर. कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतलेला ब्रश गालांवर चालून जातो, पण गळ्यावर फिरवला की टोचतो. पातं लागायच्या आधीच कातडी लाल होते आणि मग संध्याकाळपर्यंत चुरचुरत राहते.

कातडी नाजूक, गळ्यावरचे केस आडवेतिडवे. नाशिकला राहतो, इमारतीला बोअरवेलचं जड पाणी. क्रीम वापरतो, टणक साबण नाही. फेस वाटीत न करता थेट चेहऱ्यावरच करतो. हजार रुपयांपर्यंत खर्चायची तयारी आहे.

ऑनलाइन पाहायला गेलो तर बॅजर, बोअर, टक्सिडो, सिल्व्हरटिप अशी नावं आणि प्रत्येकावर 'अल्ट्रा सॉफ्ट' लिहिलेलं. मऊ म्हणजे नेमकं काय बघायचं? जाणकारांनी सांगावं.

मेघमल्हार

सिंथेटिक घ्या. भिजवायची भानगड नाही, वास नाही, लवकर वाळतो. तुमच्या बजेटमध्ये बसेल.

पाणकळा

मेघमल्हार यांच्याशी सहमत, पण सिंथेटिक का, हे कळलं तर निवड सोपी जाईल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ब्रशच्या बाबतीत 'मऊ' या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक, केसाचं टोक कातडीला कसं लागतं. दुसरी, सगळा गुच्छ दाबला की किती वाकतो. टोक मऊ आणि गुच्छ ताठ, असा ब्रश असू शकतो. उलटही असतं: गुच्छ लुळा, पण टोकं टोचरी. गळ्याला त्रास होतो तो टोकांचा. गुच्छाच्या ताठपणाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. उलट तुमच्यासारखे चेहऱ्यावरच फेस करणारे असतील तर गुच्छाला थोडा कणा हवाच. नाहीतर ब्रश नुसता लोळतो, फेस गुच्छाच्या पोटातच राहतो आणि तो बाहेर काढायला आपण जोर लावतो. त्या जोरानेही कातडी लाल होते.

आता टोकं टोचरी का होतात? नैसर्गिक केसाचं टोक निमुळतं असतं. चांगला कारागीर गुच्छ बांधताना केस टोकाकडून साच्यात बसवून घुमटासारखा आकार देतो आणि कमीजास्त लांबी मुळाकडून कापतो. टोकाला कात्री लागत नाही. स्वस्त ब्रशमध्ये गुच्छ आधी बांधतात आणि मग वरून कात्रीने गोल कापतात. कापलेलं प्रत्येक टोक बोथट, कडेला धारदार. मग तो केस कुठल्याही प्राण्याचा असो, टोचणारच. तुमच्या ब्रशची टोकं मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून बघा. सपाट कापलेली दिसली तर दोष तिथे आहे.

नायलॉनच्या जुन्या ब्रशांचं तेच. जाड, एकसारख्या जाडीचे धागे आणि वर कापलेली टोकं. त्यामुळे सिंथेटिक म्हणजे टोचरं, असं आपल्याकडे बऱ्याच जणांच्या डोक्यात बसलं आहे. हल्लीच्या चांगल्या सिंथेटिक गुच्छात बारीक धागे असतात आणि त्यांची टोकं गरम अल्कलीच्या द्रावणात बुडवून झिजवून निमुळती केलेली असतात. दात घासायच्या मऊ ब्रशचे बारीक टोकांचे धागेही असेच करतात. फरक हात लावताच कळतो.

बोअर म्हणजे डुकराचे केस. नवा असताना राठ. वापरता वापरता प्रत्येक केसाचं टोक फाटून त्याची दोन-तीन बारीक टोकं होतात आणि मग ब्रश कमालीचा मऊ होतो, कणा मात्र टिकून राहतो. पण त्याला काही आठवडे रोजचा वापर लागतो. दर वेळी आधी पाण्यात भिजत ठेवावा लागतो. इटलीचा ओमेगा आणि पोर्तुगालचा सेमोग हे या प्रकारातले नावाजलेले. ज्यांच्याकडे सबुरी आहे त्यांनी जरूर घ्यावा. तुमचा गळा आत्ताच दुखावलेला आहे, तुम्हाला तेवढी वाट पाहायला मी सांगणार नाही.

बॅजर हा बिळात राहणारा एक प्राणी. त्याचे केस टोकाला बारीक, मध्ये जाड, म्हणून पाणी भरपूर धरतात. त्यात प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप अशा प्रती. प्युअर हे नाव ऐकून लोक फसतात. ती सहसा सगळ्यात खालची, काळपट आणि टोचरी प्रत. सिल्व्हरटिप सर्वांत मऊ. पण या नावांना कुठलंही मानक नाही, प्रत्येक उत्पादक आपापलं ठरवतो. हजार रुपयांत 'सिल्व्हरटिप' मिळत असेल तर तो सिल्व्हरटिप नाही, एवढं धरून चाला.

घोड्याचे केस बोअर आणि बॅजर यांच्या मधले. स्पेनमध्ये ते चालतात, आपल्याकडे सहसा मिळत नाहीत.

सातमाळा

पाणकळा, मनापासून धन्यवाद. टोकं बघितली. सरळ कापलेली आहेत, मोठं करून पाहिल्यावर स्पष्ट दिसलं.

गुच्छाचं माप कसं ठरवायचं? २२, २४, २६ मिमी असं लिहिलेलं असतं.

पाणकळा

तो गुच्छाचा मुळाशी व्यास. चेहऱ्यावर फेस करणाऱ्याला २२ ते २४ पुरेसं. २६ च्या पुढे नाकाखाली फिरवताना फेस ओठांवर, नाकात जातो. त्याहून महत्त्वाची केसांची उंची, मुठीच्या कडेपासून टोकापर्यंतची. २४ मिमी गुच्छाला ५० ते ५२ मिमी उंची असेल तर कणा चांगला मिळतो. ५६-५८ झाली की तोच गुच्छ लुळा पडतो. चांगला विक्रेता दोन्ही आकडे देतो. एकच दिला असेल तर विचारून घ्या.

मृद्गंध

आमच्या घरी वेगळा प्रश्न होता, म्हणून लिहितो. आम्ही सांगलीकडचे जैन. आजोबा ब्रश वापरतच नसत, हातानेच साबण लावायचे. वडिलांनी नायलॉनचा वापरला आणि आयुष्यभर तो टोचतो म्हणून कुरकुर केली. दुकानात 'प्युअर ब्रिसल' लिहिलेलं असतं, ते डुकराचे केस असतात हे कित्येकांना माहीतच नसतं. मुस्लिम मित्रांनाही ही अडचण येते.

मी सध्या टक्सिडो प्रकारचा सिंथेटिक वापरतो. काळे धागे, पांढरी टोकं, बो-टायवाल्या सुटासारखा दिसतो म्हणून ते नाव. गालाला लागतो की नाही इतका मऊ. वडिलांना तसाच आणून दिला, त्यांची तक्रार संपली. अहिंसेसाठी आम्हाला मऊपणावर पाणी सोडावं लागायचं, ते आता लागत नाही. याचा मला खरोखर आनंद आहे.

बॅजरबद्दलही एक सांगतो. बाजारातले बहुतेक बॅजरचे केस चीनमधून येतात. प्राण्यांना तिथे कसं ठेवतात आणि मारतात याची छायाचित्रणं २०१८ मध्ये पेटा या प्राणीहक्क संघटनेने प्रसिद्ध केली. ती मी पाहिली आहेत. ज्याने त्याने ठरवावं, पण माहीत असून ठरवावं.

मेघमल्हार

मृद्गंध, +१. मुंगसाच्या केसांचे रंगाचे ब्रश आपल्याकडे चोरून विकतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगूस संरक्षित आहे. दाढीचा ब्रश 'दुर्मीळ केसांचा' म्हणून कुणी विकत असेल तर त्या वाटेला जाऊच नये.

रानजाई

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. ब्रशच्या जाती मला माहीत नाहीत, पण सातमाळा यांच्या गळ्याबद्दल बोलते.

ब्रश गोल गोल घासून फेस करायची सवय आपण सलूनमध्ये पाहून उचलतो. गालांवरची कातडी ते सहन करते. गळ्यावर मात्र केस बऱ्याचदा कातडीला चिकटून, आडवे वाढतात. तिथे गोल घासल्याने कातडीचा वरचा थर खरवडला जातो आणि पातं त्याच जागी पुन्हा फिरतं. गळ्यावर ब्रश वरखाली, रंग दिल्यासारखा फिरवा. दाबू नका.

दुसरं, दाढीचा केस मऊ होतो तो पाण्याने. त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. आंघोळीनंतर दाढी केली किंवा कोमट पाण्याचा ओला पंचा धरून ठेवला तर ब्रशवर ते काम पडत नाही. ब्रशने पाणी आणि फेस केसाभोवती धरून ठेवायचा, एवढंच त्याच्याकडून हवं.

लाल पुटकुळ्या येत असतील, त्यात वळलेला केस दिसत असेल, तर तो केस कातडीत परत घुसतो आहे. तेव्हा महागडा ब्रश घेऊन उपयोग नाही. काही दिवस दाढी थांबवावी किंवा ट्रिमरने थोडे खुंट ठेवावेत. आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉइड असलेलं मलम आणून लावू नका, ही कळकळीची विनंती. गळ्याला ते लावून लावून कातडी पातळ झालेले रुग्ण मला सतत दिसतात.

ब्रश एकमेकांचा वापरू नये. सलूनमध्ये पातं नवं घालतात का हे लोक बघतात, ब्रशकडे कुणी बघत नाही. केसांच्या मुळांचे जंतुसंसर्ग, नायटा, ओल्या ब्रशवरून पसरू शकतात. नियमित सलूनमध्ये जात असाल तर आपला ब्रश पिशवीत घेऊन जा. कारागीर नाही म्हणत नाहीत.

कोकणवारा

रत्नागिरीहून. इथे पावसाळ्यात बॅजर ठेवणं म्हणजे बुरशीला निमंत्रण. नैसर्गिक केसांचा ब्रश घट्ट बांधलेल्या मुळाशी ओला राहतो. वरून कोरडा दिसतो, बोटाने फाकवला की आत ओल लागते. आषाढ-श्रावणात दोन ब्रश आलटून पालटून वापरले तरी पूर्ण वाळत नाहीत. मी जूनपासून दसऱ्यापर्यंत सिंथेटिकच काढतो, नंतर बोअर.

वापरल्यावर धुऊन, झटकून, टॉवेलवर हलके टिपायचा आणि बाथरूमच्या बाहेर खिडकीत ठेवायचा. उलटा टांगायचा की उभा ठेवायचा यावर लोक वाद घालतात. माझा अनुभव, हवा लागली की दोन्ही चालतं. प्लास्टिकच्या डबीत ओला बंद केला की मात्र वास धरतो.

जुनीपेटी

सुंदर चर्चा. एक उपप्रश्न. पणजोबांच्या सामानात एक दाढीचा ब्रश सापडला. मूठ हस्तिदंतासारखी पिवळसर, केस अजून शाबूत आणि फार मऊ. ते पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्यात होते असं घरात सांगतात. धुऊन वापरावा का?

पाणकळा

वापरू नका, कृपया.

पहिल्या महायुद्धात बॅजरच्या केसांची आवक तुटली आणि इंग्लंड-अमेरिकेत आशियातून आणलेल्या घोड्याच्या केसांचे ब्रश बॅजरसारखे रंगवून विकले गेले. ते नीट निर्जंतुक केलेले नव्हते. त्यातून सैनिकांना आणि साध्या नागरिकांना चेहऱ्यावर, मानेवर काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स झाला, काही दगावले. हे नोंदलं गेलेलं आहे. त्या जंतूचे बीजाणू कोरड्या अवस्थेत कित्येक दशकं तग धरतात. तुमचा ब्रश त्यातला असण्याची शक्यता अगदी थोडी, पण घरगुती धुण्याने खात्री होत नाही.

रानजाई

पाणकळांना दुजोरा. साबण, डेटॉल, ऊन, यांपैकी कशानेही ते बीजाणू मरतील असं समजू नका. केस बोटांनी फाकवून बघत बसू नका, पिशवीत बंद करून ठेवा.

जुनीपेटी

बंद करून ठेवला. फार आभार. हे मला कधीच सुचलं नसतं.

सांजवेळ

मी वाचनमात्र असते, पण हा धागा वाचून राहवलं नाही. माझ्या बाबांना अर्धांगवायू झाला आहे. त्यांची दाढी मी करते. आयुष्यभर रोज सकाळी दाढी केल्याशिवाय ते चहा घेत नसत. आजारपणात खुंट वाढले की ते अस्वस्थ होतात, आरसा मागत नाहीत. म्हणून मला ती नीट करायची आहे.

ट्रिमरने करून पाहिली, त्यांना आवाज सोसत नाही. फेस लावून केलेली आवडते, डोळे मिटून शांत पडून राहतात. पण त्यांची कातडी फार पातळ झाली आहे, रक्त पातळ होण्याची गोळीही चालू आहे. आणि फेसाचं पाणी ओठांच्या कडेने तोंडात जातं, मग ठसका लागतो. कुठला ब्रश घ्यावा?

रानजाई

सांजवेळ, आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, त्या गोळीवर असताना पात्याने दाढी चालेल का. बऱ्याचदा इलेक्ट्रिक शेव्हरच सुचवतात. चालेल म्हणाले तर दुधारी पातं नको, सुरक्षित जाळी असलेला साधा रेझर घ्या. डोकं आणि पाठ उंच करून, मान किंचित पुढे ठेवून बसतं करा. मागे झुकवू नका. छातीवर पंचा. एका वेळी एका गालालाच फेस लावा, तो उरकून पुसून घ्या, मग दुसरा. कमजोर बाजूच्या ओठाच्या कोपऱ्याला घडी केलेला कोरडा रुमाल धरा.

पाणकळा

ताई, ब्रश लहान घ्या, २० ते २२ मिमी, सिंथेटिक. सिंथेटिक दोन वेळा झटकला की जवळजवळ कोरडा होतो, त्यामुळे पाण्यावर ताबा राहतो. बॅजर कितीही मऊ असला तरी पाणी धरून ठेवतो आणि दाबलं की सोडतो, तुम्हाला नेमकं तेच नको आहे. फेस वाटीत करा, श्रीखंडाइतका घट्ट, आणि ब्रशच्या नुसत्या टोकांनी लावा. कातडी पातळ असल्यामुळे इथे कणा नको, उंची थोडी जास्त असलेला लुळा गुच्छच बरा. वर सातमाळांना सांगितलं त्याच्या उलट आहे हे, पण तुमचं काम वेगळं आहे.

सांजवेळ

तुम्हा दोघांचे आभार कसे मानू. डॉक्टरांशी उद्याच बोलते.

राइनकाठ

मी जर्मनीत असतो. इथला म्यूले हा नावाजलेला ब्रश, सॅक्सनीतल्या श्ट्यूत्सेनग्र्यून गावचा, कंपनी १९४५ पासूनची. त्यांचा सिंथेटिक सिल्व्हरटिप फायबर वापरतो आहे. बॅजर सोडून त्याकडे आलो आणि परत जावंसं वाटलं नाही. भारतात मात्र त्याची किंमत हजारात बसणार नाही. 'याची' (Yaqi) नावाच्या चीनच्या उत्पादकाचे गुच्छ बरेच जण मागवतात आणि मऊपणात ते फार मागे नाहीत. नव्याने सुरू करणाऱ्याने तिथूनच सुरू करावं.

इथल्या काही गावांत पाणी फार जड आहे, म्हणून नाशिकच्या पाण्याबद्दल विचारतो. सातमाळा, ब्रशचे केस मुळाशी पांढरट, चिकट होतात का?

सातमाळा

होतात! मला वाटलं क्रीम नीट धुतलं जात नाही.

राइनकाठ

जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारी साय तयार करतं. ती केसांवर बसते, केस कडक होतात आणि मऊ ब्रशसुद्धा टोचायला लागतो. शिवाय फेस धरत नाही, लवकर बसतो. मग आपण क्रीम वाढवतो, साय आणखी वाढते.

दोन उपाय. दाढीपुरतं पाणी आरओचं घ्या, एक पेला पुरतो. आणि महिन्यातून एकदा पांढरं व्हिनेगर कोमट पाण्यात बरंच पातळ करून ब्रश त्यात काही मिनिटं बुडवून ठेवा, मग स्वच्छ धुवा. ढोकळ्यात घालतात ते सायट्रिक अ‍ॅसिडही चालतं, पाव चमचा पेलाभर पाण्यात. उकळतं पाणी कधीच नको. केसही खराब होतात आणि गुच्छ धरून ठेवणारा गोंदही सुटतो.

कोकणवारा

गोंदावरून आठवलं. नवा ब्रश सुरुवातीला थोडे केस गाळतो, ते चालतं. पण झुपकेच्या झुपके यायला लागले तर परत करा.

सातमाळा

मंडळी, घेतला. टक्सिडो प्रकारचा सिंथेटिक, २४ मिमी, उंची ५०. साडेआठशे रुपये. दुकानदाराला दोन्ही मापं विचारली, त्याने पट्टी लावून सांगितली. कोरडा असतानाच गळ्यावर टेकवून फिरवून पाहिला, टोकं कुठे लागली नाहीत.

आरओचं पाणी घेतो आहे. क्रीम आधीच्या निम्मंही लागत नाही, शेंगदाण्याएवढं पुरतं. सुरुवातीला फेस घट्ट होतो, मग ब्रशचं टोक पाण्यात बुडवून थेंब थेंब वाढवत गेलो की चकाकी येते. गालांचा आणि हनुवटीचा प्रश्नच उरला नाही. गळ्याचं चुरचुरणंही जवळजवळ गेलं. फक्त जबड्याच्या हाडाखाली उजवीकडे अजून लाली येते. रानजाई, तिथे काय करू?

रानजाई

दोन दिवस दाढी न करता थांबा आणि त्या जागी बोट सगळ्या दिशांनी फिरवून बघा. ज्या दिशेने गुळगुळीत लागेल ती केसांची दिशा. उजवीकडे ती बहुधा आडवी, कानाकडे जाणारी असेल. ब्रशही त्याच दिशेने फिरवा, रेझरही. उलट्या दिशेची फेरी त्या पट्ट्यात नकोच. थोडे खुंट राहिले तर राहू देत. दोन आठवड्यांनी लाली कमी झाली नाही तर तुमच्या जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवा.

सांजवेळ

डॉक्टरांनी जाळीचा रेझर चालेल म्हणून सांगितलं. २० मिमीचा सिंथेटिक मागवला, आज आला. उद्या सकाळी बाबांच्या चहाच्या आधी करणार आहे. पाणकळा, वाटी कुठली घेऊ, स्टीलची चालेल की खरखरीत तळाची लागते?

पाणकळा

घट्ट क्रीमला स्टीलची चालेल, फक्त खोलगट आणि तळहातात मावेल अशी घ्या. घरात चिनी मातीचा जाड कप असेल तर तो जास्त बरा. आधी गरम पाणी ओतून ठेवा, लावेपर्यंत फेस कोमट राहतो. थंड फेस लागला की अंथरुणातला माणूस दचकतो.